अ‍ॅन राणीच्या काळातलं कॉमन्स सभेचं कार्यवृत्त: त्यात भाषणं नाहीत, मग वाचायचं काय?

एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे, थोडक्यात असा: ‘इतिहासात एम.ए. करते आहे. इंग्लंडच्या १७१० च्या कॉपीराइट कायद्यावर शोधनिबंध लिहायचा आहे, म्हणून कॉमन्स सभेच्या कार्यवृत्ताचा त्या वर्षांचा खंड वाचायला घेतला. पानामागून पानं तेच: अर्ज आला, समितीकडे पाठवला, विधेयक दुसऱ्यांदा वाचलं, उद्यापर्यंत तहकूब. कोण काय बोललं याचा मागमूस नाही. तारखांचाही मेळ बसत नाही. माझं काही चुकतंय का? आणि यातून एका कायद्याचा प्रवास काढायचा कसा?’

खंड तुम्ही बरोबरच उघडला आहे. पण तुम्ही त्याला जे विचारताय, ते सांगण्यासाठी तो लिहिलेला नाही.

मी सत्तावीस वर्षं विधिमंडळाच्या सचिवालयात काढली, त्यातली बरीचशी सभागृहाच्या कामकाजाची नोंद ठेवण्यात. आपल्याकडे एकाच बैठकीचे दोन कागद तयार होतात. प्रतिवेदक शब्द न् शब्द उतरवून घेतात, त्याची सविस्तर कार्यवाही छापली जाते. दुसरा कागद आटोपशीर असतो: कोणतं विधेयक मांडलं, कोणता प्रस्ताव संमत झाला, सभागृह किती वाजता तहकूब झालं. लोकसभेत याला बुलेटिन भाग एक म्हणतात. तुमच्या हातातला खंड या दुसऱ्या जातीचा आहे. पहिल्या जातीचा कागद तेव्हा नव्हता, आणि तो नसावा अशीच सभागृहाची इच्छा होती. सभासदांची भाषणं टिपण्याचा सभागृहाच्या सचिवाला अधिकार नाही, असं कॉमन्सनं १६२८ मध्येच ठरवलं होतं. राजाविरुद्ध बोललेला शब्द कागदावर राहिला, तर उद्या तोच बोलणाऱ्याच्या अंगावर यायचा, ही त्यामागची भीती. पुढे ती भीती उरली नाही तरी शिस्त टिकली. बाहेरच्या बातमीपत्रवाल्यांनाही वादविवाद छापायला मनाई होती.

आणखी एक. त्यांचा ‘क्लार्क’ म्हणजे कारकून नव्हे. आपल्याकडच्या विधानमंडळ सचिवाचं ते पद. १६८३ पासून चार दशकांहून जास्त काळ या खुर्चीवर पॉल जॉड्रेल हा एकच माणूस होता. विल्यम, अ‍ॅन, पहिला जॉर्ज असे राज्यकर्ते बदलले तरी नोंदीची भाषा बदललेली दिसत नाही, त्याचं एक कारण हे आहे. ज्यानं नोंदी लिहिल्यात त्याला कळेल की असा ठराविक साचा हा आळस नसतो. साचा ठरलेला असला की त्यातला एक शब्द बदललेलाही वाचणाऱ्याच्या लगेच डोळ्यात भरतो.

तेव्हा नोंदीत फक्त निर्णय आहेत, आणि त्या निर्णयांवरून काम कसं चाललं हे ओळखायचं आहे. ते किती ओळखता येईल, हे विधेयक कुठल्या जातीचं आहे यावर अवलंबून असतं. ते कोणत्या सभागृहात सुरू झालं, सार्वजनिक होतं की खासगी (म्हणजे एखाद्या व्यक्तीपुरतं किंवा ठिकाणापुरतं), निवडक समितीकडे गेलं की संपूर्ण सभागृहाच्या समितीकडे, यावर हाती काय लागेल ते ठरतं.

आधी जागा डोळ्यांपुढे आणा. कॉमन्स सभा वेस्टमिन्स्टरच्या सेंट स्टीफन्स चॅपेलमध्ये भरायची. मुळात ते प्रार्थनाघर, त्यामुळे बाकं समोरासमोर आणि जागा अरुंद. १७०७ च्या एकीकरणानंतर स्कॉटलंडचे ४५ सभासद आले आणि एकूण संख्या ५५८ झाली. त्यांच्यासाठी ख्रिस्तोफर रेननं सज्जे रुंद केले. तरी सगळे एकदम आले असते तर मावले नसते, आणि सगळे येतही नसत. गणपूर्ती अवघी ४० ची होती. गैरहजेरी फार वाढली की सभागृहाची हजेरी पुकारत, आणि विनापरवानगी गायब राहिलेल्याला सार्जंटच्या, म्हणजे सभागृहाच्या बंदोबस्त अधिकाऱ्याच्या, ताब्यात देत. सुटकेसाठी शुल्क भरावं लागे. दिवस प्रार्थनेनं सुरू होई. संध्याकाळी अंधारलं की मेणबत्त्या आणण्याचासुद्धा रीतसर हुकूम निघे आणि त्याची नोंद होई. अशी नोंद दिसली की मी समासात खूण करतो, कारण त्या दिवशी कशावर तरी जोरदार झुंज झालेली असते. भाषण न छापताही कागद बोलतो तो असा.

आता तुम्हाला कंटाळवाणं वाटलेलं एक वाक्य जवळून पाहू. दुसऱ्या वाचनानंतर हा साचा नेहमी भेटतो: विधेयक अमुक अमुक श्रीयुतांकडे आणि अमुक परगण्याच्या सर्व सभासदांकडे सोपवलं, त्यांनी आज दुपारी पाच वाजता अध्यक्षांच्या दालनात जमावं, माणसं, कागद आणि दप्तर मागवण्याचा त्यांना अधिकार आहे. यात चार गोष्टी आहेत. यादीतली पहिली नावं बहुधा विधेयक पुढे रेटणाऱ्यांची असतात. परगण्याचे सगळे सभासद घातले, म्हणजे विषय स्थानिक आहे आणि तिथल्या जमीनदारांना डावलून काही होणार नाही. वेळ आणि जागा दिली, म्हणजे समिती खरोखर बसणार आहे. पुढे कधी कधी एक तुकडा जोडलेला असतो: जे येतील त्या सर्वांना मत असेल. हा तुकडा दिसला की यादीतल्या नावांवर फार भिस्त ठेवू नका, कारण कोणीही सभासद येऊन मत देऊ शकत होता. यादीत नाव आहे म्हणून तो माणूस समितीत बसलाच, असं शोधनिबंधात लिहू नका. ही चूक जाणत्या लोकांच्या लेखनातही सापडते.

संपूर्ण सभागृहाच्या समितीचं उलट. अध्यक्ष खुर्ची सोडतात, राजदंड टेबलाखाली जातो, दुसराच सभासद टेबलाशी बसून समिती चालवतो, आणि एकाच मुद्द्यावर एकाला अनेकदा बोलता येतं. खरा कीस तिथे पडतो आणि नोंद तिथेच गप्प होते. अध्यक्ष परत बसले, अमुक यांनी प्रगती झाल्याचं सांगितलं, पुन्हा बसण्याची परवानगी मागितली. बस. सचिवाच्या दृष्टीनं समितीत काय झालं ते सभागृहाचं काम नव्हे, अहवाल आला की ते सभागृहाचं.

या रोजच्या कामात राज्यकारभाराचे मोठे प्रश्न वाटतात त्यापेक्षा कमी असतात. मोठा हिस्सा अर्जांचा. कुणाला वारसाहक्कानं बांधलेली इस्टेट विकून कर्ज फेडायचं आहे, कुठे नदी गलबतांसाठी खोल करायची आहे, कुठल्या रस्त्यावर टोल बसवून तो दुरुस्त करायचा आहे, कुणा परदेशी प्रॉटेस्टंटाला नागरिक व्हायचं आहे. आज यातलं बरंचसं एखादं खातं किंवा न्यायालय करतं. तेव्हा प्रत्येकासाठी वेगळा कायदा लागायचा. प्रसिद्ध संगीतकार हँडल फेब्रुवारी १७२७ मध्ये अशाच कायद्यानं ब्रिटिश नागरिक झाला, आणि लॉर्ड्सकडे, म्हणजे वरच्या सभागृहाकडे, अर्ज दिल्यापासून राजाची संमती मिळेपर्यंत त्याला एक आठवडा लागला. तुमच्या विधेयकाच्याच अधिवेशनात लिव्हरपूलच्या गोदीचंही विधेयक चालू होतं. नव्या निवडणुकीनंतरच्या पहिल्या अधिवेशनात तर निवडणूक तक्रारींनी पानं भरतात, कारण त्यांचा निकालही सभागृहच द्यायचं.

आता तुमचं विधेयक. छपाईच्या परवान्याचा कायदा १६९५ मध्ये संपला होता आणि पुस्तकविक्रेत्यांना आपले हक्क परत बांधून हवे होते. १२ डिसेंबर १७०९ ला त्यांचा अर्ज आला आणि विधेयक आणण्याची परवानगी मिळाली. ११ जानेवारीला एडवर्ड वॉर्टली यांनी ते मांडलं. (पुढे तुर्कस्तानातून देवी टोचण्याची पद्धत इंग्लंडात आणणाऱ्या लेडी मेरी यांचे हे पती.) मार्चमध्ये ते कॉमन्समधून पार झालं, लॉर्ड्सनी दुरुस्त्या केल्या, आणि ५ एप्रिल १७१० ला राणीची संमती मिळाली.

आता शेजारच्या नोंदी वाचा. अर्जाच्या दुसऱ्याच दिवशी, १३ डिसेंबरला, धर्मगुरू डॉ. सॅशेव्हरेल यांच्या प्रवचनाची तक्रार सभागृहात आली. त्यातून महाभियोग उभा राहिला आणि वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये २७ फेब्रुवारीपासून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत खटला चालला. लंडनमध्ये दंगली झाल्या. लॉर्ड्सनी ६९ विरुद्ध ५२ मतांनी दोषी ठरवलं. सगळं शहर त्या खटल्यात गुंतलेलं असताना पुस्तकांचं हे विधेयक खालच्या अंगानं पुढे सरकत होतं. एखादं विधेयक काही आठवडे हललं नाही, तर विरोध झाला असा निष्कर्ष काढण्याआधी सभागृह त्या आठवड्यात कशात अडकलं होतं ते बघा.

५ एप्रिल ही तारीखही महत्त्वाची आहे. त्याच दिवशी राणीनं अधिवेशनाची सत्रसमाप्ती केली. आपल्या राज्यघटनेचं कलम १०७(३) सांगतं की सत्रसमाप्तीमुळे प्रलंबित विधेयक व्यपगत (आपोआप रद्द) होत नाही; राज्यांसाठी कलम १९६(३) आहे. ही सवय आपल्या डोक्यात बसलेली असते. तिथे तसं नव्हतं. सत्र संपलं की अर्धवट राहिलेलं प्रत्येक विधेयक मेलं; पुढच्या सत्रात अर्जापासून पुन्हा सुरुवात. म्हणून शेवटच्या पंधरवड्यातल्या नोंदी धावत्या असतात, आणि दोन्ही सभागृहांनी दुरुस्त्यांवर तडजोड का केली, याचं एक उत्तर कॅलेंडरमध्ये मिळतं.

तारखांच्या घोळाचं उत्तरही कॅलेंडरमध्येच आहे. इंग्लंडात तेव्हा कायदेशीर वर्ष २५ मार्चला बदलायचं. त्यामुळे कार्यवृत्तात ११ जानेवारी १७०९ दिसेल. आपल्या हिशेबानं ती १७१०. मी स्वतः यात आपटलो आहे. सुरुवातीच्या काळात लिहिलेल्या एका टिपणात, अर्ज येण्याच्या अकरा महिने आधीच विधेयक मांडलं गेलं होतं, असं मी ठामपणे लिहिलं आणि ते छापूनही आलं. एका वाचकानं पत्र लिहून चूक दाखवली. तेव्हापासून १ जानेवारी ते २४ मार्चमधली प्रत्येक तारीख मी १७०९/१० अशी दुहेरी लिहितो. शिवाय ज्युलियन पंचांग युरोपातल्या नव्या पंचांगाच्या ११ दिवस मागे होतं, ते १७५२ पर्यंत. आपल्याकडचे अभ्यासक हे ओळखतात: एकाच दिवशी इंग्रजांच्या मुंबईत एक तारीख आणि पोर्तुगीजांच्या वसईत ११ दिवस पुढची. कार्यवृत्तात दिवसाचं नाव लॅटिनमध्ये असतं. वार आणि तारीख जुळते का ते ताडून पाहिलं की बऱ्याच चुका तिथेच पकडता येतात.

आणखी एक खाच. कायद्यात वेगळा दिवस दिला नसेल, तर तो संमतीच्या दिवसापासून लागू होत नसे. सत्राच्या पहिल्या दिवसापासून झाला असं मानत. ही पद्धत १७९३ मध्ये बदलली. तुमच्या कायद्यात १० एप्रिल १७१० असा स्पष्ट दिवस दिला आहे, त्यामुळे तुम्ही सुटलात. पण ‘१७०९ चा कायदा’ असं पुस्तकात दिसलं तर गडबडू नका, कायदा तोच.

‘वाचन’ हा शब्दही अक्षरशः घ्या. बहुतेक विधेयकांच्या छापील प्रती नसत. सचिव मोठ्यानं वाचायचा आणि अध्यक्ष हातातल्या गोषवाऱ्यावरून विधेयक समजावून सांगायचे. मसुदा कागदावर असे, त्यात रकमा आणि तारखा कोऱ्या सोडलेल्या असत, त्या समितीत भरल्या जात. समितीचा अहवाल मान्य झाला की सुवाच्य अक्षरात चर्मपत्रावर प्रत काढण्याचा हुकूम होई. हा हुकूम दिसला की विधेयक बहुतेक तरलं असं समजा. त्यानंतरही तिसऱ्या वाचनाला नवं कलम घालायचं झालं तर वेगळा चर्मपत्राचा तुकडा मूळ प्रतीला शिवून जोडत. विधेयकाचं शीर्षक सगळ्यात शेवटी, संमत झाल्यावर ठरे. तुमच्या कायद्यात हेच सोन्यासारखं आहे. सुरुवातीच्या शीर्षकात पुस्तकांची मालमत्ता खऱ्या मालकांना ‘सुरक्षित करण्याची’ भाषा होती. शेवटच्या शीर्षकात ती ‘सांगितलेल्या मुदतीपुरती’ लेखक किंवा खरेदीदार यांच्याकडे ‘निहित करण्याची’ झाली. हक्क आधीपासून होता की हा कायदा तो नव्यानं देतो, हा सगळा वाद या दोन क्रियापदांत आहे. एकही भाषण हाती नसताना तुम्हाला तुमच्या निबंधाचा गाभा मिळतो तो इथे.

मात्र इथे सावध राहा. १७६९ च्या मिलर विरुद्ध टेलर खटल्यात न्यायमूर्ती विल्स यांनी म्हटलं की कायद्याचा अर्थ संमत झालेल्या शब्दांवरून काढावा, एका सभागृहात त्यात झालेल्या बदलांच्या इतिहासावरून नव्हे. तो इतिहास दुसऱ्या सभागृहाला आणि राजाला ठाऊक नसतो. न्यायालयासाठी हे ठीक. तुम्ही इतिहास लिहिताय, तुम्हाला ते बदल वापरायचेच आहेत, फक्त तो कॉमन्सचा इरादा होता की संपूर्ण संसदेचा, हे वाक्यागणिक वेगळं ठेवा.

मतविभाजनाबद्दल थोडंसं. एक बाजू बाहेर लॉबीत जायची, दुसरी आत बसायची, प्रत्येक बाजूचे दोन मोजणीदार. नोंदीत फक्त आकडे आणि मोजणीदारांची नावं मिळतात. मोजणीदार मात्र आपल्याच बाजूचं मत देतो, म्हणून त्या चार नावांवरून गट ओळखू लागतात. २८ नोव्हेंबर १७०४ ला जमीनकराच्या विधेयकाला धार्मिक विधेयक ‘चिकटवण्याचा’ डाव २५१ विरुद्ध १३४ नी फसला. त्या १३४ जणांच्या याद्या पुढच्या निवडणुकीत बाहेर छापून फिरल्या. अशा याद्या कार्यवृत्तात शोधू नका.

पैशाच्या विधेयकांकडे तुम्हाला जायचं नाही, तरी एक नोंद ओळखून ठेवा. ११ डिसेंबर १७०६ ला कॉमन्सनं ठरवलं की सरकारी पैसा मागणारा अर्ज राजसत्तेच्या शिफारशीशिवाय घ्यायचा नाही, आणि १७१३ मध्ये तो स्थायी नियम झाला. आपल्या कलम ११७ मधली राष्ट्रपतींची आणि कलम २०७ मधली राज्यपालांची शिफारस याच वंशातली. मी नोकरीत असताना ‘शिफारस जोडली आहे का’ हे कितीदा तपासलं असेल, पण त्याचा उगम या एका ओळीत आहे हे फार उशिरा कळलं.

संमतीची भाषा जुनी फ्रेंच. सार्वजनिक विधेयकाला ‘राणीची तशी इच्छा आहे’, खासगी विधेयकाला ‘मागितल्याप्रमाणे होवो’. नकाराचं वाक्य ‘राणी विचार करील’, आणि ते शेवटचं ऐकू आलं ११ मार्च १७०८ ला, स्कॉटलंडच्या मिलिशियाच्या (नागरिकांच्या फौजेच्या) विधेयकावर. कार्यवृत्तात मात्र तुम्हाला ही तारीख ११ मार्च १७०७ अशी दिसेल.

भाषणांची भूक कुठे भागवायची? कॉमन्सचे मूळ अर्ज आणि समित्यांचे कागद १६ ऑक्टोबर १८३४ च्या आगीत जवळजवळ सगळे गेले. कार्यवृत्ताचे खंड लोकांनी वाचवले. लॉर्ड्सचे दप्तर ज्युएल टॉवरमध्ये वेगळं असल्यामुळे राहिलं. म्हणून मी नेहमी कॉमन्सचा माग लॉर्ड्सकडून उलटा काढतो. लॉर्ड्सच्या कार्यवृत्तात रोज हजर असलेल्यांची यादी असते, आणि हरलेले लॉर्ड आपला निषेध कारणांसह नोंदवू शकत. खासगी रोजनिश्यांपैकी बिशप विल्यम निकल्सन यांची १७०२ पासूनची लंडन रोजनिशी जरूर बघा.

तुमच्यासाठी कामाचा क्रम असा. कोऱ्या वहीत डाव्या पानावर तुमच्या विधेयकाच्या सगळ्या नोंदी दुहेरी तारखेनं उतरवा, उजव्या पानावर त्याच दिवशी सभागृहात दुसरं काय झालं ते. परवानगीच्या वेळचं शीर्षक आणि संमत होतानाचं शीर्षक इंग्रजीत जसंच्या तसं, एकाखाली एक लिहा. मग लॉर्ड्सच्या खंडात १४ मार्च ते ५ एप्रिलमधल्या नोंदी काढा आणि दुरुस्त्यांवर दोन्ही सभागृहांत काय देवाणघेवाण झाली ते शेवटच्या दिवशीच्या दोन्ही नोंदी शेजारी ठेवून वाचा. तिथे एखादा साचा मोडलेला दिसला तर ती ओळ इथे टाका, आपण मिळून बघू.